मध्यंतरातल्या तबकड्या

रविवारी सकाळी लक्ष्मीपुरीच्या बाजारात आपले एखादे जुने मास्तर उकिडवे बसून भंगाराच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालताना दिसले, तर विद्यार्थ्याने काय करावे? माझे बहुतेक विद्यार्थी कांद्याच्या राशीकडे बघत पुढे सटकतात. एखादा धीट मात्र थांबतो आणि विचारतो, "सर, काय हरवलंय काय?" मी "होय" म्हणतो. त्याला ती थट्टा वाटते.

हरवल्या आहेत त्या ग्रामोफोनच्या तबकड्या. आता जुन्या तबकड्या शोधणारा कोल्हापुरात मी एकटा नाही. कुणी बालगंधर्वांच्या मागे असतो, कुणी सैगलच्या, कुणी केसरबाईंच्या एकेका तबकडीसाठी मुंबईच्या खेपा घालतो. त्या मंडळींना चार ठिकाणी मान आहे. माझी गोष्ट वेगळी. मी ज्या तबकड्या शोधतो त्यांत कुणी गातच नाही. गिटारवर, ॲकॉर्डियनवर, व्हायोलिनवर, नाहीतर माउथ ऑर्गनवर वाजवलेली सिनेमाची गाणी, मागे वाद्यवृंद, बस्स. अल्लादियाखाँसाहेबांच्या आणि देवल क्लबच्या या गावात असला छंद सांगायचा म्हणजे तालमीच्या लाल मातीत उभे राहून 'मी कॅरम खेळतो' म्हणण्यासारखे आहे. शास्त्रीय संगीतवाले म्हणतात, "हे सिनेमातलं." सिनेमावाले म्हणतात, "यात लताबाई कुठे आहेत?" दोन्ही घरच्या पाहुण्याची उपासमार व्हावी तशी या तबकड्यांची गत झालेली आहे.

या अंकाच्या संपादकांनी 'माजी विद्यार्थी म्हणून छंदावर काहीतरी लिहा' अशी गळ घातली, तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. छंदाचे सांगायला अवघड नाही. तो का लागला हे सांगणे अवघड आहे. पण आता साठी उलटली. सांगून टाकतो.

आमचे आबा एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. ती टॉकीज आता नाही, म्हणून नाव सांगत नाही. मशीन चालवणे हे त्यांचे मुख्य काम. पण खेळाच्या आधी आणि मध्यंतरात तबकड्या लावण्याचे कामही त्यांच्याचकडे होते. केबिनच्या कोपऱ्यात एक फोनो आणि शेजारी दोन लाकडी खोकी. शाळा सुटली की मी आबांचा डबा घेऊन जाई आणि फिल्मच्या डब्यांवर बसून त्यांचे काम बघत राही. प्रत्येक तबकडीच्या लेबलावर आबांनी पांढऱ्या कागदाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा खळीने चिकटवला होता आणि त्यावर शाईने एकच अक्षर लिहिले होते. 'सु' म्हणजे सुरुवात, लोक आत येताना लावायच्या. 'म' म्हणजे मध्यंतर. 'प' म्हणजे पडदा. 'सु' आणि 'म' पुष्कळ होत्या. 'प' मात्र एकच. ती लागली की चहाच्या टपरीवरची माणसे विडी विझवून आत धावत.

एकदा मी विचारले, "आबा, गाणी का लावत नाही? नुसती वाद्यंच का?"

आबा म्हणाले, "आरं, गाणं लावलं की मानसं गाणं ऐकत बसत्यात. वाद्य लावलं की एकमेकासंगं बोलत्यात. थेटरात मानसं बोलाय नकोत व्हय?"

तिसरी घंटा झाली की आबा तबकडी संपायची वाट बघत नसत. सुई उचलायची, दिवे मंद करायचे, मशीन सुरू. त्यामुळे 'प'च्या तबकडीचा शेवट मी कधी ऐकलाच नाही. कुणीच ऐकला नसेल. ॲकॉर्डियन एका उंच जागी चढायचा, गिटार खालून थरथरत त्याला उत्तर द्यायची, आणि तिथेच घंटा!

1981 साली टॉकीजमध्ये टेप आला. मालकांनी ती दोन खोकी आबांना देऊन टाकली. घरात फोनो नव्हता, घ्यायची ऐपतही नव्हती. आबांनी खोकी माळ्यावर ठेवली. सणाला माळा झाडताना ते एकेक तबकडी काढून धोतराच्या सोग्याने पुसत आणि परत ठेवीत. आई म्हणे, "न वाजणाऱ्या भांड्याला कल्हई कशाला?"

1984 साली मी याच कॉलेजात एस.वाय.ला होतो. गल्लीत टेपरेकॉर्डर आले होते, कॅसेटींचे वारे होते, आणि शिकलेल्या पोराला जी अक्कल येते ती मला आलेली होती. आबा कामावर असताना मी दोन्ही खोकी हातगाडीवाल्या भंगारवाल्याला घातली. त्रेपन्न तबकड्या, तीस रुपये. त्यात दोन कॅसेटी आल्या.

रात्री जेवताना मी सांगितले. आबांचा घास क्षणभर थांबला.

"पडद्याची बी दिलीस?"

"सगळ्याच दिल्या, आबा."

"बरं केलंस. जागा अडत हुती."

एवढेच. पुढे सात वर्षे ते होते. 1991 साली गेले. तबकड्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि माझीही काढायची छाती झाली नाही.

मग 1996 साली कागलकडच्या एका लग्नात वरातीपुढे बँड वाजत होता. कोल्हापूरकडच्या बँडवाल्यांना काय येत नाही? 1954 च्या 'नागिन'मधली पुंगी आणि 'कम सप्टेंबर' यांशिवाय नवरदेव मारुतीच्या देवळापासून हलतच नाही. पण त्या दिवशी क्लॅरिनेटवाल्याने एक जुने गाणे घेतले आणि मध्येच 'प'च्या तबकडीतली ती चढती जागा वाजवली. माझ्या अंगावर काटा आला. वरात थांबल्यावर त्याला गाठले. तो म्हणाला, "आमच्या वडलांनी फोनोवरनं बसवलंय मास्तर. ती जागा गाण्यात न्हाई, तबकडीत हाय."

घरी येऊन मी मूळ गाणे ऐकले. खरेच, त्यात ती जागा नव्हती. (गाणे कोणते ते इथे सांगणार नाही. सांगितले की तुम्ही शब्द म्हणायला लागाल आणि माझे काम बिघडेल.) म्हणजे गाणे ठाऊक होते, पण तबकडी कुणाची, हे ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून शोध सुरू झाला.

गाणाऱ्याची तबकडी शोधणे सोपे असते. नाव सांगा, पहिली ओळ सांगा. बिनशब्दांची तबकडी मागायची तर दुकानदारापुढे उभे राहून गुणगुणावे लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात मी गुणगुणलो, मुंबईच्या चोरबाजारात गुणगुणलो. एका दुकानदाराने मला पाणी आणून दिले.

पण त्या निमित्ताने मी शिकलो फार. सुरुवातीला सगळ्या गिटारी मला सारख्याच वाटत. हळूहळू हात ओळखू येऊ लागले. लखनौचे व्हॅन शिप्ली विजेच्या गिटारवर सूर असा ओढतात की तो तारेवरचा आहे हे विसरायला व्हावे. व्हायोलिनही तेच वाजवत. त्यांच्या जोडीला पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांचा पियानो ॲकॉर्डियन. या दोघांनी मिळून किती गाणी वाजवली! हजारासिंग, काझी अनिरुद्ध, कलकत्त्याचे सुनील गांगुली हे गिटारवाले. मिलन गुप्ता माउथ ऑर्गनवर. आणि आपल्या मराठीत प्रभाकर जोग. 'गाणारे व्हायोलिन' हे नाव त्यांनी नुसते घेतले नाही, खरे केले. 'गीतरामायणा'च्या वेळी बाबूजींच्या साथीला बसलेला हा माणूस भावगीत वाजवू लागला की जोडाक्षरसुद्धा गजातून ऐकू येई. 2021 साली ते गेले, तेव्हा मी दिवसभर दुसरे काही लावले नाही.

मला या तबकड्यांचे एक फार आवडते. सिनेमाच्या गाण्यात वाजवणाऱ्याचे नाव कुठेच नसे. 'नागिन'मधली पुंगी ही पुंगी नव्हेच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली, आणि तबकडीवर नावे गाणाऱ्यांची आणि संगीतकाराची. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत वाद्यवृंद बसवत, प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवले. त्यांचे नाव देशाला कळले ते 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून, तेही कुणाला खरे माणूस आहे असे वाटले नाही. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना केली. त्यांचे नाव आमच्या टॉकीजच्या पिटात कुणाला ठाऊक असणार? नुसत्या वाद्यांच्या तबकडीवर मात्र वाजवणाऱ्याचे नाव ठळक छापलेले. रोज मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला एक दिवस मॉनिटर केल्यासारखे वाटते.

काहींच्या वाट्याला तेही उशिरा आले. 1968 साली शंकर-जयकिशन यांनी 'रागा जॅझ स्टाईल' काढली. अकरा राग, रईस खाँची सतार आणि भोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम. आज ती हाताला लागणे कठीण. चरणजितसिंग यांची कथा तर नवलाची. सिनेमाच्या वाद्यवृंदातला हा गिटारवाला. 1982 साली त्यांनी सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. कुणी विचारले नाही. 2002 साली एका डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीत सापडली, 2010 साली ती पुन्हा निघाली, आणि परदेशातल्या जाणकारांनी तोंडात बोट घातले. शिकागोच्या क्लबांत पुढे पाच वर्षांनी जे संगीत जन्मले त्याचा नाद यात आधीच होता. कुणीतरी भंगारात हात घातला म्हणून. माझ्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हल्ली मोबाइलवर सगळे मिळते. माझ्या नातवाने ते गाणे अर्ध्या मिनिटात पाच वाद्यांवर काढून दाखवले. पाचांतही ती जागा नव्हती. तबकड्यांची पुन्हा फॅशन आल्यामुळे भावही चढले आहेत. काही हॉटेलांत त्या भिंतीला खिळे ठोकून लावतात. ते बघितले की मला तिथला चहा जात नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी बाजारातल्या नेहमीच्या मावशींनी हाक मारली. "मास्तर, पुरातला माल हाय. वाजंल का न्हाई म्हाईत न्हाई." 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी अर्ध्या गावात शिरले तेव्हा कुणाच्या तरी घरात भिजलेला तो गठ्ठा होता. 78 फेऱ्यांच्या चौदा तबकड्या, तीन फुटलेल्या. लेबले पार धुऊन गेलेली; मधोमध नुसता तांबूस डाग. नाव नाही, गाव नाही. मावशींनी शंभर रुपये घेतले आणि वर दोन लिंबे दिली.

अशा तबकड्या लाखेच्या असतात. स्पिरिट लावले तर लाख विरघळते. साध्या पाण्याने, मऊ फडक्याने, खोबणीच्या दिशेने पुसाव्या लागतात. सुईही वेगळी, तीन हजारांश इंच जाडीची, एल.पी.ची सुई खोबणीच्या तळाशी घसरत जाते. दोन दिवस मी तेच करत होतो.

आठवी तबकडी लावली. आधी फोडणी तडतडावी तसा आवाज. इतकी झिजलेली तबकडी मी क्वचित ऐकली होती. त्या तडतडीतून ॲकॉर्डियन वर आला. चढला. खालून गिटारने उत्तर दिले. माझा हात आपोआप सुईकडे गेला, घंटा झाल्यासारखा. मी तो मागे घेतला.

आणि तडतड थांबली. एका फेऱ्यात थांबली. त्यापुढचा अर्धा मिनिट आवाज असा स्वच्छ की तबकडी कालच दुकानातून आणलेली असावी. जाणकारांना विचारा, तबकडीचा आतला भाग आधी खराब होतो. इथे उलटे. बाहेरचे सगळे शेकडो वेळा वाजून झिजलेले, आणि शेवटावर सुई जवळजवळ फिरलेलीच नाही. शेवटी ॲकॉर्डियन एकटाच उरतो, गाण्याची पहिली ओळ हळू म्हणतो, आणि अर्ध्यावर सोडून देतो.

पत्नीने आतून विचारले, "संपलं काय?"

ही आबांचीच, असे छातीठोक सांगता येणार नाही. घंटा झाल्यावर सुई उचलणारे ऑपरेटर गावोगाव होते. मधल्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक भिंगातून वाचून मुंबईच्या एका संग्राहकाला कळवला आहे. वाजवणारे कोण ते तरी कळेल. त्याचे उत्तर यायचे आहे. त्या रात्री मी पांढऱ्या कागदाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला आणि त्यावर 'प' लिहिला. घरात खळ नव्हती. तो तुकडा फोनोच्या झाकणाखाली ठेवला आहे, अजून चिकटवलेला नाही.