सिंगापूरचा पहिला दिवस आणि सूर्याचे घड्याळ

मुंबईहून रात्री साडेअकराच्या सुमारास निघालेले विमान साधारण साडेपाच तासांनी सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरते. तेथील घड्याळात त्या वेळी सकाळचे साडेसात वाजलेले असतात. रात्रीचे आठ तास सरल्यासारखे दिसतात. परंतु त्यातील अडीच तास केवळ कागदावरचे असतात. मोठ्यांना हा हिशेब समजतो, लहान मुलांच्या शरीराला तो वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीने पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि झोप मोडलेली असते. सहकुटुंब परदेश प्रवासाचा पहिला दिवस असा उणे शिलकीने उघडतो. तो कसा चालवावा, यावर पुढच्या दिवसांचे सुख बरेचसे अवलंबून असते.

सिंगापूर विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे तेथे वर्षभर सूर्य सकाळी सातच्या आगेमागे उगवतो आणि सायंकाळी सातच्या आगेमागेच मावळतो. रेखांशाचा विचार केला तर या बेटाची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या सात तास पुढे असावयास हवी. परंतु १ जानेवारी १९८२ पासून मलेशियाबरोबर तेथेही आठ तास पुढची वेळ स्वीकारण्यात आली. म्हणूनच तेथे मध्यान्ह दुपारी एकच्या सुमारास होते. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांना ही व्यवस्था सोयीची आहे. ऋतूप्रमाणे वेळा पाहाव्या लागत नाहीत. अडचण येते ती पहिल्याच दिवशी. सायंकाळी साडेसहाला पान वाढले जाते, तेव्हा भारतातून आलेल्या पोटात अद्याप दुपारचे चारच वाजलेले असतात.

पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या एका कुटुंबाला मे महिन्याच्या सुटीत याचा अनुभव आला. मुलगा, सून, आठ आणि चार वर्षांची दोन नातवंडे आणि अडुसष्ट वर्षांच्या आजी, असा पाच जणांचा परिवार होता. आजींचा चौविहार आणि नवकारशीचा नियम अनेक वर्षांचा. 'माझ्या नियमामुळे मुलांची मौज कमी होणार असेल तर मी घरीच बरी,' असे त्यांनी निघण्यापूर्वी दोनदा म्हटले होते. मुलाने ते मनावर घेतले नाही. सुनेने मात्र घेतले आणि पहिल्या दिवसाची तयारी त्या दृष्टीने केली.

विमानात जैन भोजन मिळते, मात्र ते आगाऊ नोंदवावे लागते. तशी नोंद केलेली होती. तरीही आजींना त्याचा उपयोग नव्हता. पहिले भोजन आले ते मध्यरात्री आणि न्याहारी आली ती सूर्योदयापूर्वी. सुनेने हे आधीच ताडून खाकरा, गूळपापडी आणि सुका मेवा यांचा वेगळा डबा हातातील पिशवीत ठेवला होता. पारपत्राची तपासणी आणि सामानाची प्रतीक्षा आटोपेपर्यंत सूर्योदयाला अठ्ठेचाळीस मिनिटे उलटून गेली. विमानतळावरच्या एका बाकावर आजींनी नवकार गणून नवकारशी पारली. विमानतळाला लागूनच 'ज्वेल' ही २०१९ साली खुली झालेली काचेची वास्तू आहे. तिच्या आत चाळीस मीटर उंचीचा धबधबा कोसळतो. थोरल्या नातवाने तो आत्ताच पाहण्याचा हट्ट धरला. सुनेने तो परतीच्या दिवसासाठी राखून ठेवला. त्या दिवशी विमानाची वाट पाहण्यात वेळ जाणारच असतो. तो तेथे उत्तम सत्कारणी लागतो.

खरी परीक्षा सेरंगून रस्त्याजवळच्या हॉटेलात झाली. खोली दुपारी तीनला मिळावयाची होती. मुलाने मधला वेळ रिकामा जाऊ नये म्हणून 'गार्डन्स बाय द बे' या उद्यानातील दोन काचगृहांची त्याच दिवशीची अकरा वाजताची तिकिटे पुण्याहूनच काढून ठेवली होती. पण धाकटी नात सामानावर डोके टेकून झोपली होती आणि थोरला कारण नसताना रडकुंडीला आला होता. जादा पैसे भरल्यास खोली लगेच देता येईल, असे हॉटेलने सांगितले. म्हणजे तिकिटांचे पैसे वाया आणि वर खोलीचा नवा खर्च. मुलगा घुटमळला. उन्हाच्या वेळी मुलांना ओढत नेले असते तर तिकिटे वसूल झाली असती, काचगृहे कोणाच्याच लक्षात राहिली नसती.

आजी म्हणाल्या, 'तिकिटांचे पैसे काल गेले. दिवस अजून आपल्या हातात आहे. बुडालेल्या उधारीच्या मागे नवा माल पाठवू नये, हे तुझ्या वडिलांनीच तुला शिकवले ना?'

पेढीवर रोज वापरला जाणारा नियम प्रवासात विसरला जातो, तो असा. खोली घेतली गेली. साडेअकराला मुलांना मुद्दाम हलकेच जेवण देण्यात आले आणि पडदे ओढून सर्व जण झोपले. तीन वाजता मात्र सुनेने मुलांना उठवले. त्याहून अधिक झोपू दिले असते तर रात्र जागून काढावी लागली असती. तोवर आजींनी खोलीतील किटलीत पाणी उकळून गार करून ठेवले होते.

चारनंतर पायी फिरणे झाले. सेरंगून रस्त्याचा हा भाग 'लिटल इंडिया' म्हणून ओळखला जातो. मोगऱ्याचे गजरे, तांब्यापितळेची भांडी, तमिळ पाट्या आणि १९४७ पासून चालत आलेले 'कोमला विलास' हे शाकाहारी भोजनगृह पाहून आजींचा परकेपणा निम्मा ओसरला. एका खाद्यकेंद्राजवळ मात्र थोरला नातू थबकला. काचेमागे भाजलेली बदके टांगलेली होती. 'ही मेलेली आहेत? लोक खातात ही?' त्याने मोठ्याने विचारले. वडील त्याला पुढे ओढू लागले. आजींनी त्याचा हात धरून शांतपणे सांगितले, 'हो, खातात. आपण खात नाही, कारण त्या जीवाला दुखते असे आपण मानतो. पण खाणाऱ्याकडे पाहून नाक मुरडायचे नाही. आपण पाहुणे आहोत.' मुलाने थोडा विचार करून मान हलवली. ज्या देशाच्या आंतरधर्मीय संघटनेत दहा धर्मांना स्थान आहे आणि त्यांत जैन धर्माचाही समावेश आहे, तेथे पहिल्या दिवशी शिकावा असाच हा धडा होता.

सायंकाळी सहाला एका उत्तर भारतीय शाकाहारी भोजनगृहात पान मांडले गेले. तेथे शाकाहारी म्हणजे कांदा, लसूण व बटाटा वर्ज्य असे कोणी गृहीत धरीत नाही. म्हणून सुनेने दुपारीच जाऊन पदार्थ एकेक करून विचारून घेतले होते. फुलके, साधे वरण, भात आणि कोबीची भाजी एवढेच मागवले. दुपारचे जेवण लवकर व हलके झाल्यामुळे थोरल्याने पोटभर खाल्ले. धाकटीने दोन घासांत ताट सारले. आजींनी सूर्यास्तापूर्वी पाणी घेऊन पच्चक्खाण केले. कोणालाही घाई करावी लागली नाही.

सात वाजून गेले, दिवे लागले आणि मुले ताजीतवानी होती, कारण त्यांच्या शरीरात अजून दुपारचे पाचही वाजले नव्हते. पहिल्या दिवशी कालभेदाने दिलेली ही एकमेव देणगी. लिटल इंडियाहून भुयारी रेल्वेने चार स्थानके पुढे बेफ्रंट आहे. गाडीत खाण्यापिण्यास बंदी असून त्यासाठी पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे कळताच नातवाने उघडलेला खाकरा पुन्हा डब्यात ठेवला. ज्या उद्यानातील तिकिटे सकाळी सोडून दिली, त्याच उद्यानात पंचवीस ते पन्नास मीटर उंचीचे कृत्रिम महावृक्ष आहेत. त्यांच्यावर पावणेआठला होणारा प्रकाश व संगीताचा खेळ विनामूल्य असतो. कुटुंबाने तो जमिनीवर बसून, माना वर करून पाहिला. धाकटी आजींच्या मांडीवर होती.

रात्री साडेनऊला तिला भूक लागली. सुनेने कोमट दूध दिले. थोरल्याने आजींकडे पाहिले. 'तुला हवे असेल तर तूही घे,' आजी म्हणाल्या. 'नियम माझा आहे. तू मोठा झालास आणि तुला वाटले, तर तो तुझा होईल.' त्याने अर्धा पेला दूध घेतले आणि तो झोपला.

दुसऱ्या दिवशी शहराच्या पूर्व भागातील जालान यासीन येथे जैन समाजाच्या वास्तूत दर्शनास जावयाचे ठरले होते. तेथील संस्था सर्व संप्रदायांना एकत्र घेऊन चालते. जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून वेळ विचारून घेणे श्रेयस्कर. आजींनी सकाळसाठी नवकारशीची वेळ एका कागदावर लिहून उशाशी ठेवली. निजण्यापूर्वी मुलाने जमाखर्चाची वही उघडली. तिकिटांची रक्कम त्याने खर्चाच्या बाजूला लिहिली, पण तिच्यापुढे 'वाया' असा शेरा मात्र मारला नाही.