वल्ह्याला आलेलं उत्तर

पुण्यात ‘पाणी पेटलं’ असं कुणी म्हटलं, तर ऐकणाऱ्याला खडकवासला आठवतो. धरणातलं किती पाणी शहराने प्यायचं आणि किती दौंड-इंदापूरच्या शेतांना सोडायचं, याचं ते नेहमीचं भांडण. घाट उतरून कोकणात गेलं की हेच दोन शब्द अलंकार उतरवून ठेवतात. काळोख्या रात्री लाट फुटताना तिच्या कडेने निळी रेघ धावते, ओल्या वाळूवर पाऊल टेकलं की पावलाभोवती ठिणग्या उडतात, आणि तिथे ‘पाणी पेटलं’ म्हणजे डोळ्यांना दिसलं तेवढंच. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यांवर अशा लाटा दिसल्या आणि त्यांच्या चित्रफिती फोनाफोनी फिरल्या. अंदमानात स्वराजद्वीपावर तर कांदळवनाच्या खाडीतून रात्री कयाक वल्हवत हा उजेड पाहण्याच्या सहलीच निघतात. परतलेला माणूस एकच वाक्य सांगतो: समुद्र चमकत होता. या वाक्याला माझी हरकत आहे. चमकतो तो आरसा, चमकतो तो चांदीचा पेला. त्यांना बघणाऱ्याचं काही देणंघेणं नसतं. ते पाणी चमकत नव्हतं, उत्तर देत होतं. प्रश्न वल्ह्याने विचारला होता, आणि तो विचारताना कुणाला तरी धक्का लागला होता. हे उत्तर ज्याला उत्तर म्हणून ऐकू आलं, त्याचीच सहल पुरी झाली, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं कल्पनेवर उभं नाही, पेशीवर उभं आहे. आपल्या किनाऱ्यावर हा उजेड बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा असतो. नावाचा अर्थच रातदिवा. आकार साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. भिजलेल्या साबुदाण्याची अतिसूक्ष्म प्रत म्हणावी असा पारदर्शक गोळा, त्याला एक लहानशी शेपटी. पाण्याच्या हालचालीने त्याची कातडी दबली की पेशीतून विजेचा संकेत धावतो, आतल्या बारीक कुप्यांत आम्ल शिरतं, ल्युसिफेरेज हे विकर जागं होतं आणि ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य प्राणवायूशी संयोग पावून निळा प्रकाश सोडतं. हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात आटोपतो. निळाच का, तर समुद्राच्या पाण्यातून निळा रंग सर्वांत दूर जातो. उत्तर पोचावं म्हणूनच ते निळं आहे. ते कुणाला द्यायचं असतं, याबद्दल मार्टिन बर्कनरोड यांनी १९४३ मध्ये एक तर्क मांडला. या जीवांना खाणारा बारीक प्राणी जवळ आला की त्याच्या हालचालीनेच उजेड पेटतो आणि त्या उजेडात तो स्वतः एखाद्या माशाच्या नजरेस पडतो. घरात चोर शिरल्यावर शेजाऱ्यांना जागं करण्यासाठी मारलेली ही हाक आहे. तेव्हा वल्ह्याभोवती उमलणारं ते निळं फूल पाण्याच्या भाषेत ‘चोर, चोर’ असा ओरडा आहे. आपल्याला ते स्वागत वाटतं, हा आपला भाबडेपणा.

यावर पहिली हरकत सौंदर्याच्या बाजूने येते. आम्ल, विकर, चोराची हाक ही चिरफाड कशाला? रात्र आहे, पाणी आहे, उजेड आहे. गप्प बसून पाहावं. हरकत गोड आहे, पण ती मानायला आपली परंपराच तयार नाही. समुद्राच्या पोटात आग आहे हे आपण फार पूर्वीपासून सांगत आलो, तिला वडवानल म्हणत आलो. महाभारतात ती और्व ऋषीच्या क्रोधाची आग आहे. भृगुकुळाच्या कत्तलीने पेटलेला तो क्रोध जग जाळायला निघाला, तेव्हा पितरांनी त्याला समुद्रात सोडायला सांगितलं, आणि तिथे तो घोड्याच्या मुखाने पाणी पीत राहिला. म्हणजे पाण्यातल्या अग्नीकडे पाहून आपल्या कथाकारांनी नुसतं ‘किती सुंदर’ म्हटलं नाही. हा अग्नी कुठून आला, कुणी कुणाला दुखावलं तेव्हा तो पेटला, असा प्रश्न त्यांनी विचारला. रसायनशास्त्र आज तोच प्रश्न वेगळ्या हत्यारांनी विचारतं आणि उत्तराचा गाभा तसाच निघतो: दुखावल्याशिवाय हा उजेड पेटत नाही. कारण कळल्याने विस्मय मरत असता, तर ग्रहणाचं गणित मांडता येऊ लागल्यावर लोकांनी ग्रहण पाहणं सोडलं असतं.

वाहन म्हणून कयाकच योग्य का, तेही इथे कळतं. मोटरबोटीच्या मागे उजेडाचा मोठा पट्टा पेटतो खरा, पण तो इंजिनाने पेटवलेला असतो. आपण किती ढवळलं याचा अंदाज त्यात लागत नाही. कयाकमध्ये माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसलेला असतो आणि वल्ह्याची दोन्ही पाती त्याच्याच दंडांनी हलतात. हळू घातलेलं पातं मंद भोवरा दाखवतं, आदळलेलं पातं मोठा भडका. जेवढा धक्का तेवढा उजेड, त्याच जागी, त्याच क्षणी. आयुष्यात इतका रोखठोक हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळतो. वल्हं थांबलं की काही क्षणांत पाणी काळं होतं, आणि काहीच न करण्याला काय दिसतं तेही कळतं. हा हिशेब वाचायला मात्र अंधार लागतो आणि अंधाराची निवड सोपी नाही. अमावास्या सर्वांत काळी, पण तेव्हाच समुद्राला उधाण असतं आणि खाडीतली ओढ हलक्या होडीला पेलत नाही. भांगाचं, म्हणजे कमी भरती-ओहोटीचं, पाणी अष्टमीच्या आसपास येतं. त्यातही शुद्ध अष्टमीला चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो, तर वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. म्हणजे वद्य अष्टमीच्या रात्रीचा पहिला प्रहर: काळोखही पुरेसा, पाणीही शांत. पंचांगाच्या एका ओळीत बसणारं हे शहाणपण किनाऱ्यावर पाण्याकडे बघून जगणाऱ्यांना शिकवावं लागत नाही. शनिवार-रविवारच्या हिशेबाने घाट उतरणाऱ्याला ते नव्याने शिकावं लागतं.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. हा उजेड म्हणजे आजारी समुद्राचा ताप आहे, मग त्याचं कौतुक काय करायचं? या हरकतीत तथ्य आहे. नॉक्टिल्युकाचा बहर दाट झाला की दिवसा त्याच पाण्यावर तांबूस किंवा हिरवट साय दिसते. तो बहर मेला की अमोनिया सुटतो, प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम या सूक्ष्म वनस्पतींचं राज्य असे. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे प्रचंड बहर दिसू लागले. प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं आणि त्यात याच जीवाचं फावतं, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने सांगितलं. इतर अभ्यासकांनी त्यावर शंकाही घेतल्या. पण प्रत्येक निळी लाट मैलापाण्याची खूण मानणं हेही घाईचं ठरेल. पावसाळ्याच्या वाऱ्यांनी खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर येणं हा समुद्राचा जुना क्रम आहे. चार्ल्स डार्विनने १८३३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ पेटलेला समुद्र पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा कपड्यांची पावडर निघालेली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत सतरा वर्षं टिपलेल्या चित्रणाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या प्राण्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्वतःचा उजेड बाळगणारे निघाले. उजेड हा समुद्राचा आजार नाही, ती त्याची बोली आहे. त्या बोलीत तो कधी कुशल सांगतो, कधी दुखणं. म्हणून ताप असल्याची शंका हे पाठ फिरवण्याचं कारण होत नाही, नाडी धरण्याचं होतं. कौतुक आणि काळजी एकाच नजरेत मावतात. मुलाकडे बघणाऱ्या आईला हे सांगावं लागत नाही.

तिसरी हरकत व्यवहाराची. या सहलींवर किनाऱ्यावरची घरं चालतात. हळू वल्हवा, दिवे मालवा, गर्दी नको, हे उपदेश पुण्यात बसून करायला सोपे. खरं आहे, आणि म्हणूनच व्यवहाराचाच पुरावा पाहावा. आपल्याकडचा पुरावा काजव्यांचा आहे. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. काजव्यांचा नर उडता उडता लुकलुकतो, मादी झाडाझुडपातून उत्तर देते, आणि त्यांच्या मध्ये आपल्या गाडीचा दिवा उभा राहतो. जे बघायला आलो तेच आपल्या येण्याने विझायला लागलं, की गाव आणि पाहुणा दोघेही नुकसानीत. उलट उदाहरण पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बे या उपसागराचं. जगातला सर्वांत तेजस्वी म्हणून गिनेस बुकात नोंदलेल्या त्या पाण्यात पोहायला बंदी आहे. पाहुण्यांना वल्ह्यांच्या होडीतून नेतात. २०१७ च्या मारिया वादळानंतर तिथला उजेड मंदावला होता, काही महिन्यांनी तो परतला. वादळाचा तडाखा पाण्याला पचला; रोजचा तडाखा त्याला बसत नव्हता, याचाही त्यात वाटा असावा. कोकणातही कांदळवनातून कयाक नेणारे स्थानिक गट आहेत. त्यांच्या पोटापाण्याला खरा धोका उपदेशाचा नाही, किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या झगझगीत दिव्यांचा आहे. अंधार हेच त्यांचं भांडवल आहे, आणि ते एकदा खर्ची पडलं की कर्ज काढून परत मिळत नाही.

अंधाराचं नाव काढलं की शेवटची हरकत येणारच, आणि ती पुण्यातूनच येईल: रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला उजेड हवा असतो, तिला काळोखाची कविता ऐकवू नका. तिला उजेड हवाच, त्यात वाद नाही. पण तो तिच्या पायाखाली हवा, ढगांच्या पोटाला नको. रस्त्यावरचा दिवा वरून झाकलेला असला तर तिची वाट जास्त नीट दिसते आणि आकाशही शाबूत राहतं. जाहिरातफलकांच्या झगमगाटाने मात्र कुणाचीच वाट सुरक्षित होत नाही. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये एक निष्कर्ष निघाला, की २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. पुण्याला हे वेगळं सांगायला नको. १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था तारे दाखवायला लोकांना शहराबाहेर नेते. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये उभी राहिली ती सुमारे ऐंशी किलोमीटर दूर, गिरावलीला. आकाश पाहण्याची विद्या शहरात आणि आकाश शहराबाहेर, अशी ही फाळणी आहे. तेव्हा निळं पाणी बघायला घाट उतरणारा पुणेकर खरं तर दोन गोष्टी शोधायला जातो: उत्तर देणारं पाणी, आणि ते उत्तर दिसू देणारा अंधार. दुसरी गोष्ट त्याच्या शहरातही होती.

पहिलीचं काय? मुळा-मुठेचं पाणी कितीही काळोखात ढवळलं तरी निळं पेटणार नाही, कारण गोड्या पाण्याला ही बोली जवळजवळ येतच नाही. न्यूझीलंडच्या ओढ्यांतली एक बारीक गोगलगाय हा ठळक अपवाद. पण म्हणून आपल्या नद्या मुक्या आहेत असं नाही. आळंदीला इंद्रायणीचं पाणी बंधाऱ्यावरून पडताना ढवळतं आणि त्यावर पांढरा फेस चढतो, हे चित्र वारकऱ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी अनेकदा पाहिलं आहे. तेही धक्क्याला आलेलं उत्तरच. फरक एवढाच, की समुद्राच्या उत्तरात त्याचा स्वतःचा जीव असतो आणि नदीच्या उत्तरात आपल्या घरातून आणि कारखान्यांतून गेलेलं सगळं. ते वाचायला वद्य अष्टमी लागत नाही, भर दुपारी वाचता येतं. तरी ते वाचायला कुणी दोनशे किलोमीटर गाडी हाकत नाही, ही आपली निवड. संगमाजवळच्या बोट क्लबावर अभियांत्रिकी महाविद्यालयाची रेगाटा १९२८ पासून होते. संध्याकाळ उतरते, कयाकांच्या रांगा पाण्यावर आकृत्या धरतात, मशाली पेटतात, आणि वल्ह्याचं पातं बुडलं की त्या ज्वाळांची आणि पलीकडच्या दिव्यांची प्रतिबिंबं तुकडे तुकडे होऊन हलतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, पाणी पेटलंय. पण त्यातला कण न् कण उजेड काठावरून आणलेला असतो. नदी त्यात फक्त हलत असते; नद्यांना जे काही सांगायचं आहे ते तिकडे आळंदीच्या बंधाऱ्यावर, दिवसाउजेडी, पांढऱ्या अक्षरांत सांगून झालेलं असतं.