पहिला प्रहार

ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी पेशाने शाळेतील शिक्षक. रात्री ते गुरू अझातो यांच्या घरी जात. महिनोन्महिने एकच काता. गुरू ओसरीवर बसून पाहत आणि तोच पुन्हा करावयास सांगत. १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक दाखविणाऱ्या या शिष्याने पुढे शिकविले, ते हेच की पहिला प्रहार आपला नसावा.

श्रावकही संकल्पी हिंसेचाच त्याग करतो. विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टळत नाही. तेव्हा जैन घरांतील कराटेविषयीचा संकोच अनाठायी म्हणावा लागेल. जपावे ते गुरू निवडताना. शुल्क भरताच पट्ट्याची हमी देणारा सौदा व्यापाऱ्याने तरी ओळखावा! प्रवेशापूर्वी पालकाने एक संध्याकाळ वर्गात बसावे. चढेल मुलाला शिक्षक कसा आवरतो आणि आवरलेला मुलगा पुन्हा रांगेत उभा राहतो का, ते पाहावे.