माणशी किती?

हल्ली वर्तमानपत्र उघडले की एखाद्या पानावर तरी पांढरेशुभ्र जहाज दिसतेच. खाली निळा समुद्र, वर पोहण्याचा तलाव आणि कोपऱ्यात ठळक आकडा : माणशी इतके इतके फक्त. त्या ‘फक्त’च्या शेजारी एक बारीक चांदणी असते आणि ती पानाच्या तळाशी काय सांगते ते वाचायला चष्मा शोधावा लागतो. आपल्याकडे केटररला बोलावले तरी आणि काशीयात्रेची बस ठरवली तरी पहिला प्रश्न ‘माणशी किती?’ हाच. बोटीचा विषय आमच्या घरात निघाला तेव्हा सुरुवात त्याच प्रश्नाने झाली. दोन महिने वही घेऊन बसल्यावर मात्र त्या प्रश्नाच्या आधी विचारायचे आणखी दोन प्रश्न सापडले. ते तुमच्याही उपयोगी पडतील म्हणून हा लेख.

विषय काढला सासूबाईंनी. वय ८१, माहेर वेंगुर्ल्याचे. वेंगुर्ले एकेकाळी आपल्या बेळगावचेच बंदर होते. १८८० च्या दशकात मुरगावची रेल्वे सुरू होण्याआधी इथला माल बैलगाड्यांतून घाट उतरून तिथे जायचा. सासूबाईंच्या लहानपणी कोकणातली माणसे मुंबईला बोटीनेच जात. होडीत बसून बोटीपर्यंत जायचे, वर ओढून घ्यायचे, डेकवर वळकटी पसरायची. मग वाटेत मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत बोट मुंबईला लागायची. पावसाळ्यात ती बंद. पुढे रस्ते झाले, एस.टी. वाढली आणि बोट कायमची गेली. “एकदा परत बोटीतून किनारा बघायचा होता गं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे वाढत चाललेले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, लांबचा प्रवास करायचा तर यंदाच करा.

ही २०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. घरातले आम्ही सहाजण : सासूबाई, हे, मी, मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू. सून धारवाडची. तिचे आईवडीलही येऊ देत, असे सासूबाईंनीच सुचवले. व्याही निवृत्त शिक्षक. माणूस अतिशय मानी. फोनवर त्यांनी एकच विचारले, “अक्कार, एष्ट आगतद, पूरा हेळ्रि.” किती होईल ते पूर्ण सांगा. त्यातला ‘पूरा’ हा शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला घरून निघाल्यावर नवे नवे खर्च दाखवणे म्हणजे त्याचा अपमानच. शिवाय त्यांचा वाटा आपण परस्पर भरू म्हटले, तर ते आलेच नसते.

आता जहाजे कोणकोणती? बेंगळूरचा माझा भाचा सिंगापूरच्या बाजूचा. तिथून रॉयल कॅरिबियन कंपनीची प्रचंड जहाजे सुटतात. २०२२ पासून जेंटिंग ड्रीम हे जहाजही तिथून जाते. दुसरा पर्याय मुंबईचा. कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. त्याआधीही मुंबईने बरीच जहाजे पाहिली. २००५ च्या सुमारास स्टार क्रूझेसचे ‘सुपरस्टार लिब्रा’ आले आणि गेले. २०१९ मध्ये जलेश कंपनीचे ‘कर्णिका’ आले आणि २०२० मध्ये ती कंपनीच बंद पडली. म्हणून पहिला नियम हा केला, की स्वस्त मिळते म्हणून दीड-दोन वर्षे आधी कोणाकडेही पूर्ण पैसे गुंतवायचे नाहीत. रद्द केले तर किती दिवस आधी किती परत मिळतात, हे लेखी घ्यायचे.

जहाजाजहाजांत फरक असतो तो आकाराचा आणि वयाचा. ‘क्वांटम ऑफ द सीज’ २०१४ चे, सुमारे १ लाख ६८ हजार टनांचे. ‘एम्प्रेस’ बांधले गेले १९९० मध्ये, सुमारे ४८ हजार टनांचे. इथे टन म्हणजे वजन नव्हे, ते आतल्या जागेचे माप आहे. एका खोलीत दोन माणसे धरून जितके प्रवासी होतात, त्या संख्येने या टनांना भागले की माणशी जागा किती ते कळते. मोठ्या जहाजाचा भागाकार चाळीसच्या आसपास येतो, लहानाचा तीसच्या. म्हणजे मोठ्यावर हजारो माणसे असूनही दाटी कमी वाटू शकते. पण मोठ्या जहाजाची एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक नसते. खोलीपासून जेवणघरापर्यंतचा पॅसेज आपल्या गणपत गल्लीएवढा लांब असू शकतो. नातवाला ती मजा, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना ती शिक्षाच.

भाड्यात काय येते हे दोन्हीकडे साधारण सारखेच. खोली, मुख्य जेवणघरातले आणि बुफेतले खाणे, बहुतेक करमणूक, पोहण्याचा तलाव. काय येत नाही ही यादी लांब असते. बंदर शुल्क, कर, रोजचे माणशी सेवाशुल्क, सरबते आणि थंड पेये, खास रेस्टॉरंटमधले जेवण, इंटरनेट, बंदरावर उतरून फिरण्याची सहल, जहाजावरच्या डॉक्टरांची फी. सिंगापूरला यात विमानभाडे, व्हिसा, प्रवास विमा आणि आधीच्या रात्रीचे हॉटेल मिळवा. परदेशाच्या पॅकेजवर एजंट टी.सी.एस. कापून घेतो. तो आयकरात वळता होतो खरा, पण आधी हातातून पैसे जातातच.

आकडे नुसते समजण्यासाठी घेऊ. जाहिरातीत दोन रात्रींचे माणशी २०,००० रुपये आहेत असे धरा. बंदर शुल्क ३,०००, सेवाशुल्क १,०००, कर वगैरे २,५००. झाले २६,५००. बेळगावहून मुंबईला जाणे, वाटेतले खाणे, टॅक्सी, परतीची गाडी यांचे ३,५०० धरले की ३०,००० झाले. म्हणजे रात्रीला दहा हजारांचे पंधरा हजार. त्यातही दुपारी चढायचे आणि शेवटच्या दिवशी सकाळीच उतरायचे, म्हणजे दोन रात्री म्हटले तरी हाती पुरते दोन दिवसही येत नाहीत. मी प्रत्येक जहाजाचे असे पान केले आणि तळाशी एकच आकडा लिहिला : आपल्या उंबरठ्यापासून आपल्या उंबरठ्यापर्यंत, एका रात्रीचे किती. तुलना करायची ती याच आकड्याची.

त्यानंतर खोल्या. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त, मग गोल किंवा चौकोनी खिडकीची, मग गॅलरीची. एका खोलीत तिसरे-चौथे माणूस घेतले तर त्याचे भाडे बरेच कमी लागते, आणि काही कंपन्या ठराविक फेऱ्यांत मुलांचे भाडे माफ करतात. मात्र बंदर शुल्क मुलांनाही चुकत नाही. कुटुंबासाठी खरी बचत या तिसऱ्या माणसात आहे. पण तिसरी-चौथी गादी असते ती बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणारी, शिडीने वर चढायची. आपल्यात कोण चढू शकतो हे ठरवल्याशिवाय ‘चौघांची खोली’ घेण्यात अर्थ नाही.

आम्ही आठजणांना तीन खोल्या घेतल्या आणि वाटणी केली ती जुन्या धर्मशाळेसारखी. सासूबाई आणि मी खाली, नातू वर. विहीणबाई आणि सून दुसऱ्या खोलीत. हे आणि व्याही खाली, मुलगा वर. सूनबाई हसून म्हणाली, “हासिगे इद्दष्टु कालु चाचु.” मी म्हटले, अगं, हेच आम्ही अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो. चौथी खोली वाचली आणि त्या पैशांत आम्ही सासूबाईंची खोली खिडकीची केली. जागाही जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर मागून घेतली. तिथे हेलकावे कमी बसतात. लिफ्टही जवळ होती.

तारीख ठरवताना आपल्या सीमाभागाचा एक फायदा लक्षात आला. कर्नाटकातल्या शाळांना ऑक्टोबरात दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. जहाजाचे दर ठरलेले नसतात, मागणीप्रमाणे रोज हलतात. मुंबई-पुण्याची मुले शाळेत असताना आपली मोकळी असतात, तेव्हा हे दिवस आपण जरूर पाहावेत. आमच्या नातवाची सुट्टी पितृपक्षात सुरू झाली. शेजारणीने विचारलेच, “पंधरवड्यात कुठे निघालात?” सासूबाई म्हणाल्या, “सासऱ्यांची तिथी झाली. आता घट बसायच्या आत परत येते.” विषय संपला.

भाच्याच्या सिंगापूरचे काय झाले? त्याच्या जहाजावर खेळ जास्त, नाटके जास्त, आणि तो म्हणतो तसे एका रात्रीचा भाव काढला तर तारखा पाहून घेतलेले सिंगापूर मुंबईच्या फार पुढे जात नव्हते. तरुण जोडप्याला, पासपोर्ट तयार असेल तर, मी तेच सुचवीन. पण तिथे रात्री जास्त, म्हणून एकूण रक्कमही मोठी. जहाजावरचा हिशेब डॉलरमध्ये. सासूबाई आणि व्याही या दोघांकडेही पासपोर्ट नव्हता. देशातल्या देशात जाणाऱ्या फेरीला सरकारी ओळखपत्र पुरते. आमच्या वहीत सिंगापूर मागे पडले ते महाग म्हणून नव्हे, तर आठांतले दोघे त्यात बसत नव्हते म्हणून.

शेवटी आम्ही मुंबईत चढून गोव्यात उतरण्याची फेरी घेतली. परत मुंबईला येऊन रात्रभर बेळगाव गाठण्यापेक्षा मुरगावला उतरून चोर्ला घाटाने दुपारच्या जेवणाला घरी. मी व्याह्यांना पूर्ण आकडा कळवला, खाली प्रत्येक खर्च वेगळा लिहून. दुसऱ्याच दिवशी त्यांचे पैसे बँकेत जमा झाले, एक रुपयाही कमी नाही. धारवाडहून ते आले तेव्हा त्यांच्या पिशवीत फेडा होता आणि चेहऱ्यावर कसलेही दडपण नव्हते. मला तिथेच सहल वसूल झाल्यासारखी वाटली.

जहाजावर काय पाहिले याचे वर्णन लांबवत नाही. जेवण भरपूर, शाकाहारीही भरपूर. नातू तलावातून बाहेर येईना. आम्ही सर्वांनी मोबाईल फ्लाइट मोडवर टाकले, कारण समुद्रातल्या रोमिंगचे बिल जहाजाच्या भाड्याशी स्पर्धा करते. विहीणबाई आणि सासूबाई या दोघींची भाषा अर्धी अर्धी, पण पत्ते खेळताना भाषा लागत नाही.

दुसऱ्या रात्री पहाटे मला जाग आली तेव्हा सासूबाई पलंगावर नव्हत्या. लिफ्टने वर गेल्या होत्या, हातात काठी, अंगावर शाल. शेजारी व्याही उभे होते, तेही लवकर उठणारे. दूर अंधारात एक दिवा उघडमीट करत होता. “ते वेंगुर्ला,” त्या म्हणाल्या. असेल, नसेल, आम्ही कोणाला विचारले नाही. व्याह्यांनी कोपरापासून हात जोडले आणि म्हणाले, “हौदु, अदss.” हो, तेच. सासूबाई उजाडेपर्यंत तिथेच बसल्या. ती खुर्ची फुकट होती. वरच्या डेकवरच्या खुर्च्यांना बहुधा पैसे पडत नाहीत.

मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता घरातल्या घरात वॉकर घेऊन फिरतात, आणि कोणी बोटीची जाहिरात दाखवली की आधी खालची बारीक अक्षरे वाचून दाखवायला सांगतात.

तुमच्या घरी असा बेत निघाला तर वहीच्या डाव्या बाजूला आधी घरातल्या माणसांची नावे लिहा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी : तो किती चालू शकतो आणि त्याच्या खिशाला किती झेपते. तान्हे मूल असेल तर लिहा, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. गरोदर मुलगी असेल तर तेही लिहा, चोविसाव्या आठवड्यानंतर बहुधा परवानगी मिळत नाही. मग उजवीकडे जहाजांची नावे घ्या आणि सर्वांत कमी चालणाऱ्या पायाला व सर्वांत हलक्या खिशाला जे जहाज चालेल ते निवडा. बाकीच्यांना ते चालतेच. एवढे झाल्यावर एजंटला फोन करा आणि खुशाल विचारा, माणशी किती. मात्र आमच्या व्याह्यांचा शब्द जोडायला विसरू नका : पूरा.