रिकामा क्रेट

"डॉक्टर, फडात पिल्लं निघाली."

गळीत हंगाम सुरू झाला की जुन्नर-शिरूर पट्ट्यात काम करणाऱ्या आम्हा पशुवैद्यांना हा फोन ठरलेला. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं आणि ऊस वाढला. वर्षभर उभा राहणारा, आत गारवा, बाहेरून काही दिसत नाही. बिबट मादीच्या लेखी हेच रान. पिल्लं व्यायला याहून सुरक्षित जागा तिला कुठली?

गेल्या हंगामात पोहोचलो तेव्हा पाचटात दोन बछडे होते, डोळे नुकते उघडलेले. कुणी गाईचं दूध आणलं होतं, कुणी मांडीवर घेऊन फोटो काढत होतं. माया खोटी नव्हती. पण त्या दुधानं बछड्याला हगवण लागते, आणि माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या ना शिकार शिकतो ना माणसाला बिचकतो. त्याच्या नशिबी जन्मभराचा पिंजरा. म्हणून वजन, ताप, अंगावरच्या गोचिड्या एवढंच बघायचं आणि पिल्लं सापडली तिथंच परत ठेवायची. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत आहे. बहुतेक वेळा ती येते आणि मानगुटीला धरून एकेक घेऊन जाते.

"उचलून लांब जंगलात सोडा," ही मागणी दरवेळी होते. ती मला चूक वाटत नाही. या तालुक्यांत बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. पण हा प्रयोग इथं होऊन गेला आहे. २००१ नंतर जुन्नरमधून कितीतरी बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. माणसांवरचे हल्ले घटले नव्हते, वाढले होते. पिल्लं हरवलेली आई तर फडाभोवतीच घिरट्या घालते, आणि ऊसतोड टोळीच्या कोप्या त्याच बांधावर असतात.

म्हणून त्याही दिवशी, सूर्य मावळताना, सापडल्या जागीच भाजीच्या क्रेटमध्ये बछडे ठेवले, कॅमेरा लावला. एक ऊसतोड बाई कडेवरचं मूल सावरत म्हणाली, "सायेब, सापडंल ना तिला लेकरू?"

सकाळी क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात मादी दोनदा आलेली दिसली.

मी अहवाल लिहिला: बछडे दोन, नर एक, मादी एक, पुनर्भेट यशस्वी. मग मुकादमाशी बोलताना कळलं, क्रेट ठेवला तो फडाचा कोपरा उभा ठेवल्यामुळे टोळीचा अख्खा दिवस मोडला होता. ऊसतोडीला मजुरी टनावर मिळते. कोयता थांबला की पैसाही थांबतो. व्याख्यानांत मी सहजीवनावर बोलतो, त्याचे पैसे त्या दिवशी त्या बाईनं भरले होते. अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. या हंगामापासून मी तो खाली हातानं लिहितो: तोड थांबली, एक दिवस.