५२ निबंध, शेतकरी एकच

(पोस्ट जरा लांबलीय. यादीतल्या शिक्षक मित्रांनी तरी शेवटपर्यंत वाचावी, काम तुमच्याकडेच आहे.)

दिवाळीनंतर तालुक्यातल्या एका शाळेच्या मराठीच्या बाईंचा फोन आला. "तुम्ही रोज लिहिता, आमच्या दहावीच्या पोरांना निबंधाचं जरा सांगा." दर शनिवारी दोन तास ठरले. पहिल्या शनिवारी विषय दिला, शेतकऱ्याचे आत्मकथन. घरी येऊन वह्या उघडल्या तर ५२ निबंधांत शेतकरी एकच. 'होय, मी शेतकरी बोलतोय. मला जगाचा पोशिंदा म्हणतात.' सगळ्यांकडे सर्जा-राजाची जोडी, सगळ्यांची काळी आई, शेवटी सगळ्यांचं जय जवान जय किसान. गाईड कोणतं ते सांगायची गरज नाही.

आमचा भाग विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरचा. वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं शेतकऱ्यांची. सप्टेंबर २०२५च्या पावसात यांच्याच घरचं सोयाबीन गेलं. त्या पावसाचा एक थेंब ५२ वह्यांत नव्हता.

बाईंना बोलण्यात अर्थ नव्हता. एका निबंधाला दहा मिनिटं धरली तरी ५२ निबंधांना साडेआठ तासांच्या वर जातात. त्यांच्याकडे तुकड्या दोन. वर ऑनलाइन माहित्या भरणं आणि निवडणुकीची कामं. मग वहीत काय होतं? तीन शब्दांभोवती लाल गोल, खाली सही, तारीख. पोरगं सही बघतं आणि वही मिटतं. तोच निबंध दुसऱ्यांदा कोणी लिहीतच नाही.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा आमचे सर बातमी लिहून झाली की शेजाऱ्याकडे द्यायला लावायचे. शेजाऱ्यानं फक्त विचारायचं. 'रास्ता रोको झाला' म्हणजे कोणी केला, किती वेळ, रुग्णवाहिका सोडली का? उत्तर कागदावर नसेल तर कॉपी परत. वीस वर्षांत त्या डिप्लोमातली तेवढीच गोष्ट कामाला आली. (आता आमच्या धंद्यात तीही राहिली नाही. मोबाइलवर टाइप केलं की थेट पोर्टलवर. चुका वाचक काढतात, शिव्यांसकट.)

तेच वर्गात करून पाहिलं. पहिला शनिवार साफ फसला. वह्या बदलून घ्या म्हटलं तर मित्रानं मित्राच्या वहीत लिहिलं, 'छान आहे, अक्षर सुधार.' ज्यांचं आपसात जमत नव्हतं त्यांनी गुण देऊन सूड उगवले. एक जण म्हणाला, "त्यानं मला तीन देले, म्या त्याला दोन देले." मग गुण बंद केले आणि लाल पेनही बंद. जोड्या मी लावल्या. लिहिणाऱ्यानं आधी मोठ्यानं वाचायचं, ऐकणाऱ्यानं पेन्सिलीनं दोनच प्रश्न लिहायचे. ऱ्हस्व-दीर्घाला शेवटच्या फेरीपर्यंत हात लावायचा नाही. कारण वेलांटी शोधायला लागलं की पोरं मजकूर वाचतच नाहीत. मोठी माणसं तरी कुठं वाचतात.

आणि प्रश्न आले. एका मुलीच्या वहीत तिच्या जोडीदारणीनं लिहिलं होतं, 'तुमच्याकडं बैल कुठं हायेत? ट्रॅक्टरनं पेरता ना तुम्ही.' वर्ग हसला. मला ते जमलं नसतं, कारण तिच्या घरी बैल नाहीत हे मला माहीतच नव्हतं, आणि बाईंनाही नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या पोरीला माहीत होतं. दुसरा प्रश्न होता, 'पाऊस आला त्या रात्री तुझे पप्पा काय करत होते?'

ती मुलगी वही घेऊन घरी गेली आणि बापाला विचारून आली. तीनदा लिहिलं तिनं. तिसऱ्या खेपेला बैल गेले होते, पोशिंदा गेला होता. सोयाबीन सोंगून दोन सुड्या लावल्या होत्या, ताडपत्री एकच होती, कोणती सुडी झाकायची हे ठरेपर्यंत दोन्ही भिजल्या. पुढं बाजारात व्यापारी दाणा दाताखाली धरतो आणि ओलावा जास्त म्हणतो. हमीभाव ५,३२८, हातात पडले ३,४००. बापाच्या तोंडून लिहिलेलं. मी आतापर्यंत सोयाबीनवर शेकड्यानं बातम्या लिहिल्या असतील, ती एक ताडपत्री मला कधी सापडली नाही.

शेवटच्या फेरीत दुसऱ्या एका मुलानं 'सोंगून'भोवती गोल काढला आणि वर लिहिलं, 'कापून'. मीही मान डोलावली. प्रमाण भाषा वगैरे सांगितलं. जोडीदारीण उठून म्हणाली, "सर, कापत्यात गहू. सोयाबीन सोंगत्यात." मी गप्प. माझ्या पहिल्या बातमीतला हाच शब्द उपसंपादकानं खोडला होता आणि मी आठवडाभर चरफडत होतो. वीस वर्षांनी मीही तेच करत होतो. 'सोंगून' तसंच राहिलं.

इथपर्यंत सगळं गोड आहे. जानेवारीत सराव परीक्षा झाली, पेपर बाहेरच्या शिक्षकांनी तपासले. लेखनकौशल्याचा प्रश्न आठ गुणांचा. या मुलीनं ताडपत्रीचाच निबंध लिहिला. मिळाले चार. शेरा होता, 'प्रस्तावना नाही, समारोप नाही, बोलीभाषा टाळावी.' तिच्या मागच्या बाकावरच्या मुलानं सर्जा-राजा लिहिला, त्याला सात.

ती वही घेऊन आली, रडत वगैरे नव्हती. सरळ विचारलं, "सर, बोर्डाला गाईडचंच लिहू का?"

बाई म्हणाल्या, बोर्डात रिस्क नको. त्यांचंही चूक नाही, निकालाची टक्केवारी त्यांनाच विचारली जाते. मी त्या पोरीला म्हणालो, शनिवारपर्यंत सांगतो. चार गुणांचं नुकसान माझं नाही, तिचं आहे. तिच्या बापाला तिला अकरावीला सायन्सला घालायचंय, शहरातल्या कॉलेजात. तिथं एकेक टक्का मोजतात. मी खरं लिही म्हणायचं आणि किंमत तिनं द्यायची, हे मला पटत नाही. गाईडचं लिही म्हणालो तर दोन महिने मी तिथं काय केलं?

माझ्या यादीत बोर्डाचे पेपर तपासणारे किमान दहा-बारा जण आहेत. तुमच्यापुढं एका दुपारी चाळीस सर्जा-राजा आले आणि एकेचाळिसाव्या पेपरात दोन सुड्या आणि एक ताडपत्री आली, तर तुम्ही आठपैकी किती देता? तपासणीच्या सूचनांत प्रस्तावना-समारोपाला खरंच वेगळे गुण असतात का? कमेंटमध्ये जमत नसेल तर इनबॉक्समध्ये सांगा, नाव कुठं येणार नाही. शनिवारी सकाळी साडेआठला मला शाळेत जायचंय.