तिकीट सगळ्यात शेवटी काढ

चि. मुग्धा,


नाताळच्या सुट्टीत तुझ्या आई-बाबांना, म्हणजे दादा-वहिनींना, कोस्टा रिकाला न्यायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. ह्यूस्टनहून सान होसेचं संध्याकाळी पोहोचणारं तिकीट स्वस्त आहे, ते काढून टाकते आणि बाकीचं मग बघते, असं तू लिहिलं आहेस. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. आधी राहायचं कुठे ते ठरव, त्यावरून विमानतळ निवड आणि तिकीट सगळ्यात शेवटी काढ. या देशात परदेशी विमानं मुख्यतः दोन ठिकाणी उतरतात. राजधानीचा म्हणून ओळखला जाणारा हुआन सांतामारिया विमानतळ खरं तर सान होसेत नाहीच, वीसेक किलोमीटरवरच्या आलाहुएलाला लागून आहे. ज्याचं नाव त्याला दिलंय, तो १८५६ च्या रिवासच्या लढाईत अमेरिकी आक्रमक विल्यम वॉकरच्या फौजेविरुद्ध लढताना मारला गेलेला ढोलवादक तरुण त्याच गावचा. दुसरा विमानतळ वायव्येला, ग्वानाकास्ते प्रांतात लिबेरिया शहराजवळ आहे.

तू म्हणशील, एवढासा देश, कुठेही उतरलो तरी काय फरक पडतो? क्षेत्रफळ जेमतेम ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक षष्ठांश, हे खरं आहे. पण देशाच्या मधोमध डोंगरांची रांग आहे आणि सान होसे त्या डोंगरांतल्या खोऱ्यात वसलंय. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर रस्त्यावर अर्धा दिवस खातं. तामारिंदोचा किनारा लिबेरियाहून तास-सव्वातासावर आहे, तर सान होसेहून चार-पाच तासांवर. शिवाय विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे बाराही महिने साधारण सव्वापाच ते सहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. संध्याकाळी उतरून, इमिग्रेशन आटोपून, भाड्याची गाडी ताब्यात घेईपर्यंत मिट्ट काळोख झालेला असेल. मुख्य रस्ता सोडला की दिवे नसतात आणि एका वेळी एकच गाडी जाईल असे पूल लागतात. पुलाच्या तोंडाशी ‘सेदा’ अशी पाटी आपल्या बाजूला असली तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. दिवसा ही पाटी सहज दिसते. रात्री पावसात, अनोळखी रस्त्यावर, मागे थकलेले आई-वडील बसलेले असताना ती दिसेलच याचा भरवसा नाही. म्हणून तिथला हिशेब किलोमीटरचा धरू नकोस, उजेडाच्या तासांचा धर.

स्वस्त तिकिटाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. तिघांच्या तिकिटांत वाचणारी रक्कम लहान नसते. पण त्यातून गाडीचं जादा भाडं, पेट्रोल, वाटेतला एखादा मुक्काम आणि येता-जाता वाया जाणारा जवळजवळ एकेक दिवस वजा करून बघ. गाडीचा हिशेबही नीट कर. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा तिथे सक्तीचा आहे आणि क्रेडिट कार्डावरचं संरक्षण त्याला चालत नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या भाड्यात तो अनेकदा धरलेलाच नसतो, मग काउंटरवर बिल एकदम फुगतं.

मात्र सान होसे नेहमीच चुकीचं, असं मुळीच नाही. मानुएल आंतोनियोचं उद्यान किंवा पोआस, इराझू हे ज्वालामुखी पाहायचे असतील तर तिथेच उतरावं. कॅरिबियन किनाऱ्यालाही तोच विमानतळ सोयीचा, पण डिसेंबरात तिकडे जाऊ नकोस असंच मी सांगेन. पॅसिफिकच्या बाजूला तेव्हा उघडीप सुरू होते, कॅरिबियनकडे मात्र पाऊस असतो, आणि तिकडे जाणारा ३२ क्रमांकाचा रस्ता ब्राउलिओ कारियोच्या जंगलातून, ठिसूळ उतारांखालून जातो. दरड कोसळली की तो बंद होतो आणि तुर्रियाल्बाकडून मोठा वळसा पडतो. छोट्या विमानाने पुढे जाऊ म्हणशील, तर ती बहुतेक दिवसाउजेडीच उडतात आणि सामानाच्या वजनावर कडक मर्यादा असते. संध्याकाळी उतरणाऱ्याला त्यांचा त्या दिवशी उपयोग नाही.

तुझ्या यादीत समुद्र आणि मानुएल आंतोनियो दोन्ही आहेत, तेव्हा लिबेरियाला सकाळी उतरून सान होसेहून परतणं मला सगळ्यात योग्य वाटतं. गाडी दुसऱ्या शहरात सोडण्याचे वेगळे पैसे लावतात, ते आधी विचारून घे. मानुएल आंतोनियोचं उद्यान मंगळवारी बंद असतं आणि तिकिटं ऑनलाइनच काढावी लागतात. दादा-वहिनींचा अमेरिकेचा व्हिसा बहुप्रवेशी आहे, त्यावर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा सहसा लागत नाही, तरी वकिलातीकडून लेखी खात्री करून घे आणि परतीच्या तिकिटाची छापील प्रत दोघांच्याही हाताशी ठेव. विमानतळावर पैसे बदलू नकोस, तिथला दर फार वाईट असतो. डॉलर बहुतेक ठिकाणी चालतात, कोलोन लागले तर बँकेच्या एटीएममधून काढ. सान होसेला विमानतळाची अधिकृत टॅक्सी नारिंगी असते, शहरातली लाल. परतीचं विमान सकाळचं असलं तर आदल्या रात्री आलाहुएलातच राहा, राजधानीत मुक्काम करून पहाटेच्या गर्दीत अडकू नका.

मुक्कामाची गावं ठरली की मला कळव. तिकीट त्यानंतर.

तुझा,
काका